दमट हवेतला भूप: कोणती रेकॉर्ड घ्यावी, कोणती सोडावी

गायिका किशोरी आमोणकर यांची भूप आणि बागेश्री या रागांची एलपी, म्हणजे लाँग प्ले रेकॉर्ड, जुन्या सामानात दिसली, तर किंमत विचारायच्या आधी ती पाकिटातून काढून उजेडात तिरकी धरा. कोकणात ओरखड्यांपेक्षा बुरशीनं जास्त रेकॉर्डी खाल्ल्यात. चाकरमान्यांनी मुंबईहून आणलेल्या तबकड्या पोटमाळ्यावर पावसाळ्यामागून पावसाळे काढतात आणि खाचांत पांढुरके ठिपके धरतात. ओलसर मऊ फडक्यानं ठिपका गेला तर रेकॉर्ड वाचेल. डाग तसाच राहिला तर चरचर कायमची.

ही चरचर ख्यालात सगळ्यात जास्त नडते. भूपाच्या बाजूला आधी विलंबित, म्हणजे संथ लयीतलं ‘प्रथम सूर साधे’ आणि मग द्रुत, म्हणजे जलद लयीतलं ‘सहेला रे’. विलंबितात दोन सुरांमधली शांतता हेच तर ऐकायचं असतं, आणि तिथंच बुरशी बोलते. द्रुताची अडचण वेगळी, ते बाजूच्या शेवटी, लेबलाजवळ येतं. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच जाते, लेबलाजवळ जेमतेम २१. तेवढ्याच ताना निम्म्याहून कमी जागेत कोंबल्या जातात. आधीच्या मालकाची सुई झिजलेली असेल तर ‘स’ आणि ‘श’ तिथं फाटतात. म्हणून दुकानात बाजूची सुरुवात ऐकू नका, शेवटची दोन-तीन मिनिटं लावायला सांगा. तिथं आवाज स्वच्छ असेल तर चार पैसे जास्त मोजायला हरकत नाही. नसेल तर हीच गायकी सीडीवर किंवा फोनवर ऐका.

कोळीगीतांची ईपी, म्हणजे मोजक्या गाण्यांची छोटी रेकॉर्ड, मात्र बिनधास्त घ्यावी. शांता शेळके यांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकर यांचं संगीत, आणि ‘मी डोलकर’मध्ये लताबाईंसोबत हेमंत कुमार. ठेका ठसठशीत असल्यामुळे थोडी खरखर त्यात बुडून जाते, शिवाय ४५ फेऱ्यांचा वेग शेवटच्या खाचांनाही मानवतो.

लाखेच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर नाट्यपदं खूप सापडतात. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं. गोव्यातल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकर यांची १९७७ साली व्हॉयेजर या अंतराळयानातून गेलेली ‘जात कहाँ हो’ ही भैरवी साडेतीन मिनिटांचीच आहे. एवढ्यात राग कसा मांडायचा हे त्या पिढीकडून ऐकावं. पण या तबकड्यांसाठी सुई वेगळी लागते, एलपीच्या सुईपेक्षा जवळपास चौपट जाड. ती नसेल तर खरेदी थांबवा. या तबकड्यांना स्पिरिट किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल कधीही लावू नका, लाख विरघळते. एलपी डिस्टिल्ड पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून खाचांच्या दिशेनं पुसावी, मग साध्या डिस्टिल्ड पाण्यानं पुन्हा.

कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती वाजवूच नका, ती प्लेअरच्या हेडवर, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागावर, बसून पुढची कॅसेटही बिघडवते. आवाज नुसताच दबलेला असेल तर बहुतेक वेळा फितीमागची फेल्टची गादी सुटलेली असते. खाऱ्या हवेत तिची पट्टी गंजते. पाच स्क्रूंची कॅसेट असेल तर फीत दुसऱ्या कवचात घालता येते. सीडी दिव्यासमोर धरा. टाचणीएवढी भोकं दिसली किंवा लेबलाच्या बाजूला खोल ओरखडा असला तर सोडा, कारण चकाकीचा थर लेबलाच्या लगेच खाली असतो.

नव्यानं छापलेल्या एलपींचं मूळ बऱ्याचदा डिजिटलच असतं. पाकीट आणि कोरी तबकडी हवी असेल तरच त्या घ्याव्यात. वरचं आवळ प्लास्टिक लगेच काढा, आकसून ते रेकॉर्ड वाकवतं. रेकॉर्डी उभ्या ठेवा, आणि पावसात पाझरणाऱ्या चिऱ्याच्या भिंतीला कपाट टेकवू नका. आतलं कागदी पाकीट ओल धरतं. ते बदलून पॉलिथिनचं घातलं आणि कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून जूनच्या आधी त्या बदलल्या, की सप्टेंबरात ठिपके दिसत नाहीत.