केबल की दांडी?

यवतमाळकडच्या आमच्या शेडात, कापसाच्या गंजीशेजारी, दोन आसनांचं ॲल्युमिनियमचं विमान अर्धवट उभं आहे. वैमानिकाच्या हातातल्या स्टिकपासून शेपटीच्या एलेव्हेटरपर्यंत (विमानाचं नाक वर-खाली करणारी फळी) स्टीलची केबल टाकायची की ओढणारी-ढकलणारी दांडी, यावर काकाजींचं अन् माझं महिनाभर वाजलं.

काकाजी केबलवाले. केबल हलकी, वळणावळणातून नेता येते. पण ती फक्त ओढते, ढकलत नाही. म्हणून दोन लागतात, वर पुल्या, ताण कमी-जास्त करायचं टर्नबकल, ते फिरू नये म्हणून सेफ्टी वायर. खरी गोम आपल्या उन्हाची. ॲल्युमिनियमचा सांगाडा स्टीलच्या तारेपेक्षा जास्त फुगतो. मे महिन्यातल्या ४५ अंशांत केबल ताणते, डिसेंबरच्या पहाटे ढिली पडते. म्हणून ताण मोजताना तापमानही लिहायचं, तक्त्याशी ताडून पाहायचं.

दांडीला ही भानगड नाही; स्टिक हातात थेट बोलते. मात्र लांब दांडी दाबाखाली वाकते, मध्ये आधार द्यावा लागतो. रॉड-एंडचे (दांडीच्या टोकाला बसणारा बेअरिंगचा सांधा) आटे पुरेसे आत गेलेत का, हे दांडीवरच्या तपासणीच्या भोकात बारीक तार घालून बघायचं. तार आरपार गेली, तर आटे कमी! बेअरिंग फुटलं तरी दांडी निसटू नये म्हणून मोठा वॉशरही हवाच. अन् धूळ? कापसाच्या दिवसांत सांधे रोज पुसा, बाप्पा.

शेवटी एलेव्हेटरला अन् एलेरॉनला (विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या पंखांवरच्या फळ्या) दांड्या, रडरला (नाक डावी-उजवीकडे वळवणारी शेपटीची उभी फळी) केबल. रडर तेवढा काकाजींचा.