प्रॉक्समॉक्समधील टेम्पलेटचे भांडार: क्लोन झटपट, वंशावळ मात्र आपणच लिहायची

लातूरमधील आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या संगणक विभागात व्हर्च्युअल मशीनचे (एका सर्व्हरवर सॉफ्टवेअरने चालवलेल्या स्वतंत्र संगणकांचे) सगळे काम प्रॉक्समॉक्स व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट या प्रणालीवर चालते. हे परीक्षण तिच्या एकाच अंगापुरते मर्यादित आहे. तयार डिस्क इमेजचे (डिस्कची संपूर्ण प्रत असलेल्या फाइलचे) टेम्पलेट, म्हणजे नव्या मशीनसाठीच्या मूळ प्रती, साठवणे, त्यांतून विद्यार्थ्यांसाठी मशीन काढणे आणि जुनी टेम्पलेट वेळच्या वेळी बाद करणे या कामांत ती कितपत उपयोगी पडते, एवढाच येथे प्रश्न आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. टेम्पलेटवरून मशीन काढण्याच्या कामात प्रॉक्समॉक्स उत्तम आहे, पण टेम्पलेटचे भांडार सांभाळण्याच्या कामात ते बरेचसे आपल्यावर सोडून देते. ही गोष्ट आधी ठाऊक असेल तरच ते समाधान देते.

व्हिएन्नामधील कंपनीने २००८ मध्ये पहिली आवृत्ती आणलेली ही प्रणाली डेबियन लिनक्सवर उभी आहे. पूर्ण मशीनसाठी ती लिनक्समधील केव्हीएम हे तंत्र वापरते आणि कंटेनरसाठी, म्हणजे यजमान सर्व्हरचाच गाभा वापरणाऱ्या हलक्या मशीनसाठी, एलएक्ससी. सोर्स कोड एजीपीएल परवान्याखाली खुला आहे. वार्षिक वर्गणी प्रोसेसरच्या सॉकेटप्रमाणे आकारली जाते आणि ती ऐच्छिक आहे. वर्गणी न भरणाऱ्याला प्रत्येक लॉगिनच्या वेळी तशी सूचना दिसते आणि त्याला वेगळ्या, तुलनेने कमी तपासलेल्या रिपॉझिटरीतून (सॉफ्टवेअरच्या साठ्यातून) अपडेट घ्यावे लागतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने अशाच प्रणाली विकणारी व्हीएमवेअर कंपनी विकत घेतल्यानंतर परवान्यांची जुनी गणिते बदलली आणि आपल्याकडच्या अनेक संस्थांनी पर्यायांची चौकशी सुरू केली. त्या चौकशीत प्रॉक्समॉक्सचे नाव हटकून येते.

टेम्पलेट करण्याची कृती सोपी आहे. एखादे मशीन नीट बसवून बंद करायचे आणि त्यावर उजवी क्लिक करून ‘कन्व्हर्ट टू टेम्पलेट’ निवडायचे. क्षणात त्याचे चिन्ह बदलते, डिस्कच्या नावातील ‘व्हीएम’ जाऊन ‘बेस’ येते, आणि डिरेक्टरी स्टोरेजवर ती फाइल केवळ वाचता येईल अशी कुलूपबंद होते. हे टेम्पलेट पुन्हा सुरू करता येत नाही. पहिल्यांदा ही गोष्ट जाचक वाटते, पण भांडाराच्या दृष्टीने तीच सर्वांत मोलाची आहे, कारण घाईगडबडीत कोणी मूळ प्रतीत लॉगिन करून ‘एवढे एक पॅकेज टाकून घेतो’ असे करण्याचा मार्गच त्यामुळे बंद होतो.

त्यावरून मशीन काढण्याचे दोन प्रकार आहेत. फुल क्लोनमध्ये संपूर्ण डिस्कची स्वतंत्र प्रत तयार होते. लिंक्ड क्लोनमध्ये नवी डिस्क सुरुवातीला जवळजवळ रिकामी असते आणि जेवढे बदल होतील तेवढेच ती स्वतःत लिहिते. बाकी सारे टेम्पलेटच्या डिस्कवरून वाचले जाते. डिस्क साठवण्याच्या प्रकारांपैकी क्यूकाऊ-२ फाइल, झेडएफएस आणि सेफ यांवर हे जमते, साध्या एलव्हीएमवर जमत नाही. आमच्यासारख्या ठिकाणी, जिथे जुन्या सर्व्हरमध्ये एसएसडीची जागा मोजूनमापून वापरावी लागते आणि एका तुकडीतील प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतंत्र मशीन द्यावे लागते, तिथे लिंक्ड क्लोनशिवाय गाडा चालणारच नाही. लोणेऱ्याच्या विद्यापीठाची प्रात्यक्षिक परीक्षा असली की सकाळी तुकडीभर मशीन काढायची आणि संध्याकाळी ती सगळी पुसून टाकायची, हा क्रम आता अंगवळणी पडला आहे.

मात्र लिंक्ड क्लोन मूळ टेम्पलेटच्याच स्टोरेजवर राहतो. क्लोन करताना दुसरे स्टोरेज निवडता येत नाही. दोन सर्व्हर असतील आणि सामायिक स्टोरेज नसेल, तर प्रत्येक सर्व्हरवर टेम्पलेटची वेगळी प्रत ठेवावी लागते. क्लस्टरमध्ये, म्हणजे एकत्र जोडलेल्या सर्व्हरच्या गटात, मशीनचा क्रमांक एकदाच वापरता येत असल्यामुळे एकाच टेम्पलेटला दोन क्रमांक पडतात. भांडाराचा गोंधळ नेमका येथून सुरू होतो. महिन्याभराने ९००१ आणि ९१०१ या दोन प्रती खरोखर सारख्या आहेत का, या प्रश्नाचे उत्तर प्रणाली देत नाही.

टेम्पलेट कोणत्या इमेजवरून बनले, ती इमेज कोणत्या तारखेची, तिचा चेकसम (फाइल बदललेली नाही हे पडताळण्याची आकडी खूण) काय होता आणि नंतर तिच्यात कोणी काय बदलले, यांपैकी कशासाठीही प्रॉक्समॉक्समध्ये स्वतंत्र रकाना नाही. कंटेनरच्या बाबतीत परिस्थिती निराळी आहे. तिथे तयार टेम्पलेटची अधिकृत यादी मिळते, स्टोरेजच्या पानावरील बटण दाबून ती उघडता येते आणि उतरवलेली फाइल चेकसमशी ताडून पाहिली जाते. पूर्ण व्हर्च्युअल मशीनसाठी अशी यादीच नाही. डेबियनची किंवा उबुंटूची क्लाउड इमेज (आधीच बसवून ठेवलेली डिस्क इमेज) आपणच त्यांच्या संकेतस्थळावरून आणायची, सोबतच्या यादीतील चेकसमशी जुळवायची आणि डिस्क म्हणून आत घ्यायची. डेबियनच्या यादीत एसएचए-५१२ प्रकारचा चेकसम असतो आणि उबुंटूच्या यादीत एसएचए-२५६, त्यामुळे जुळवताना योग्य आज्ञा वापरावी लागते. तुलनाच करायची तर ओपनस्टॅक या मोठ्या क्लाउड प्रणालीतील ग्लान्स ही सेवा प्रत्येक इमेजचा चेकसम स्वतः जपते आणि एखादी इमेज न पुसता निष्क्रिय करू देते. व्हीएमवेअरच्या कंटेंट लायब्ररीत टेम्पलेट बाहेर काढून, सुधारून, नव्या आवृत्तीसह परत ठेवण्याची सोय आहे. अर्थात चार खोल्यांच्या विभागासाठी ओपनस्टॅक उभारणे म्हणजे लग्नाच्या पंगतीची भांडी घेऊन दोन माणसांचा चहा करणे होय, हेही तितकेच खरे.

टेम्पलेट सुरूच होत नसल्यामुळे अद्ययावत करण्याचा मार्गही वळणाचा आहे. आधी त्याचा फुल क्लोन काढायचा, त्यात सुरक्षेचे अपडेट बसवायचे, साफसफाई करायची आणि त्याचे नव्या क्रमांकाने टेम्पलेट करायचे. जुन्या टेम्पलेटवरून आधी काढलेल्या लिंक्ड क्लोनना या नव्याचा काहीही लाभ होत नाही. ते जुन्या पायावरच उभे राहतात. जोवर असा एक जरी क्लोन शिल्लक आहे, तोवर क्यूकाऊ-२ वरचे जुने टेम्पलेट पुसता येत नाही. बेस व्हॉल्यूम अजून वापरात असल्याचा संदेश येतो. हा संदेश योग्यच आहे, कारण पाया काढला तर वरचे सारे कोसळेल. खटकते ते वेगळेच: टेम्पलेटच्या पानावर त्याच्या क्लोनची यादी कुठेही दिसत नाही. प्रत्येक मशीनच्या हार्डवेअरच्या पानावर जाऊन डिस्कच्या लांबलचक नावात बेसचा क्रमांक शोधावा लागतो, नाहीतर कमांड लाइनवर उतरावे लागते.

म्हणून नोंदीची शिस्त आपणच घालून घ्यावी लागते, आणि त्यासाठी लागणारी साधने प्रणालीत आहेत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. मशीनच्या नावात केवळ रोमन अक्षरे, अंक, आडवी रेघ आणि टिंब चालत असल्यामुळे नावात वितरण, आवृत्ती आणि वर्ष-महिना एवढेच बसवावे. प्रत्येक टेम्पलेटसोबत असलेल्या ‘नोट्स’च्या पानावर मात्र मोकळेपणाने लिहिता येते. आमच्याकडे तिथे चक्क मराठीत नोंद असते: मूळ इमेज कोठून आणली, चेकसम काय होता, कोणत्या विषयासाठी कोणती पॅकेज टाकली, आणि हे टेम्पलेट कोणत्या सत्राअखेर बाद करायचे. त्याला जोड म्हणून रंगीत टॅग वापरता येतात. ‘चालू’, ‘जुने’ आणि ‘चाचणी’ अशा अर्थाचे तीन टॅग पुरेसे होतात. त्याहून अधिक केले की कोणी पाहत नाही. ‘प्रोटेक्शन’चा पर्याय चालू ठेवला की टेम्पलेट चुकून पुसले जात नाही.

अधिकारांची रचना हा या प्रणालीचा कमी चर्चिला जाणारा पण भक्कम भाग आहे. सर्व टेम्पलेट एका पूलमध्ये (मशीनच्या गटात) ठेवून प्राध्यापकांना त्या पूलवर ‘पीव्हीई टेम्पलेट यूजर’ ही भूमिका दिली, की त्यांना टेम्पलेट पाहता येते, क्लोन करता येते आणि बदलता मात्र येत नाही. नवे मशीन ठेवण्यासाठी दुसऱ्या पूलवर आणि स्टोरेजवर वेगळा अधिकार द्यावा लागतो, हे विसरले तर क्लोनचे बटण दिसूनही काम अडते.

टेम्पलेट करण्यापूर्वीच्या साफसफाईबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण प्रॉक्समॉक्स लिनक्सच्या आत शिरून ती करत नाही. बहुतेक लिनक्समध्ये ‘मशीन-आयडी’ नावाची एक छोटी फाइल असते. उबुंटू सर्व्हरमधील नेटवर्कची यंत्रणा डीएचसीपीकडे (नेटवर्कवरील पत्ते वाटणाऱ्या सेवेकडे) पत्ता मागताना आपली ओळख या फाइलवरून ठरवते. फाइल रिकामी न करता टेम्पलेट बनवले, तर प्रत्येक क्लोनचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा क्रमांक) वेगळा असूनही डीएचसीपी सर्व्हरला सगळे एकच यंत्र वाटतात आणि तो सगळ्यांना एकच आयपी पत्ता देऊ शकतो. त्यात एसएसएच या दूरस्थ लॉगिनच्या होस्ट की (यंत्राची ओळख पटवणाऱ्या किल्ल्या) देखील टेम्पलेटमधूनच आलेल्या असतील, तर ओळख बदलल्याचा इशाराही मिळत नाही. विद्यार्थी निमूटपणे शेजारच्या मशीनमध्ये पोहोचतो. “सर, ह्या फाइली माझ्या नाहीतच की!” असे कोणी प्रयोगशाळेत म्हणाले, तर आधी तिथेच पाहावे. क्लाउड-इनिट (पहिल्यांदा सुरू होताना मशीनची मांडणी करणारे साधन) असलेल्या इमेजमध्ये नवे मशीन पहिल्यांदा सुरू होताना होस्ट की नव्याने तयार होतात. वापरकर्त्याचे नाव, सार्वजनिक की आणि आयपी पत्ता हे सर्व प्रॉक्समॉक्सच्या पडद्यावरून भरता येते. ही सोय २०१८ मधील ५.२ आवृत्तीपासून आहे आणि टेम्पलेट वापरणाऱ्यासाठी माझ्या मते ती या प्रणालीतील सर्वांत उपयुक्त सोय आहे. साफसफाईसाठी लिबगेस्टएफएस संचातील ‘व्हर्ट-सिसप्रेप’ हे साधनही चांगले आहे.

विंडोजचे टेम्पलेट करायचे असल्यास व्हर्टआयओचे (व्हर्च्युअल हार्डवेअरचे) ड्रायव्हर आधी बसवून मायक्रोसॉफ्टचेच सिसप्रेप हे साफसफाईचे साधन चालवावे लागते. शिवाय विंडोजचे अपडेट एवढे मोठे असतात की लिंक्ड क्लोनने वाचवलेली जागा बघता बघता भरते. तिथे फुल क्लोनच बरा.

जागेबाबत एक इशारा सर्वांनाच लागू आहे. लिंक्ड क्लोन कागदावर जेवढी जागा मागतात तेवढी प्रत्यक्षात उपलब्ध नसते. सगळ्यांनी एकाच वेळी लिहायला सुरुवात केली आणि स्टोरेज भरले, तर मशीन जागच्या जागी थांबतात. डिस्कच्या पर्यायांत ‘डिसकार्ड’ चालू ठेवून आतून वेळोवेळी ट्रिम (रिकामी झालेली जागा स्टोरेजला कळवणारी आज्ञा) चालवल्यास पुसलेल्या फाइलींची जागा परत मिळते. डेटाबेसच्या प्रात्यक्षिकानंतर याचा फरक स्पष्ट दिसतो.

जुन्या आवृत्त्या जपण्याचा प्रश्न मात्र त्याच कंपनीच्या प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हरने बराच सोपा केला आहे. तो डिस्कचे ४ मेगाबाइटचे तुकडे करतो आणि सारखा तुकडा एकदाच साठवतो. नवे टेम्पलेट जुन्याच्याच फुल क्लोनवरून बनवलेले असल्यामुळे बहुतेक तुकडे तसेच राहतात, आणि वर्षभरातील सगळी टेम्पलेट ठेवूनही जागा अपेक्षेपेक्षा फार कमी लागते. प्रत्येक तुकड्याची ओळख एसएचए-२५६ ने ठरत असल्यामुळे ‘व्हेरिफाय’ चालवून साठवण शाबूत आहे की नाही, हे तपासता येते. मुख्य प्रणालीत नसलेला चेकसम असा मागच्या दाराने मिळतो. उन्हाळ्यात दुपारी वीज जाते, यूपीएसची बॅटरी थकलेली असते आणि सर्व्हर अचानक बंद पडतो, अशा ठिकाणी ही तपासणी दर आठवड्याला आपोआप व्हावी अशीच नेमून ठेवावी. त्यासाठी वेगळे यंत्र लागते. मोठी हार्डडिस्क घातलेला जुना डेस्कटॉपही छोट्या विभागाला पुरतो.

ज्या संस्थेत टेम्पलेटची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहे आणि नोंद ठेवणारी एक व्यक्ती नेमलेली आहे, तिने प्रॉक्समॉक्स निःशंकपणे घ्यावे. अनेक विभाग आपापली टेम्पलेट बनवणार असतील, कोणी कोणती इमेज केव्हा बदलली याचा लेखी पुरावा लागत असेल, किंवा वाळूज-शेंद्र्यातील कारखान्यांप्रमाणे ग्राहकाच्या लेखापरीक्षणाला सामोरे जावे लागत असेल, तर केवळ नोट्सच्या पानावर विसंबून चालणार नाही. त्यांनी टेम्पलेट बनवण्याची सारी कृती पॅकरसारख्या, इमेज आपोआप बनवणाऱ्या साधनात लिहून ती गिटमध्ये (बदलांचा इतिहास जपणाऱ्या प्रणालीत) ठेवावी आणि प्रॉक्समॉक्सकडे फक्त तयार मालाचे गोदाम म्हणून पाहावे. आमच्या विभागात पुढच्या सत्रापासून निदान डेबियनच्या टेम्पलेटसाठी तसे करायचे ठरले आहे. विंडोजचे काम तूर्त हातानेच चालू राहील.