टर्बो इंजिन सांभाळताना: अकरा महिने, १४० तास

अकरा महिन्यांपूर्वी आम्ही तिघा भागीदारांनी चार सिलिंडरचं साधं विमान देऊन सहा सिलिंडरच्या टर्बो इंजिनाचं विमान घेतलं. त्यावर आता १४० तास झालेत. विमान उडतं कसं, याबद्दल वाचायला पुष्कळ मिळतं. मी फक्त इंजिन सांभाळण्याबद्दल लिहितो.

घेतलं तेव्हा भेटेल त्याने एकच गोष्ट बजावली: उतरल्यावर पाच मिनिटं आयडलवर, म्हणजे अगदी मंद, चालू ठेव, मगच बंद कर, नाहीतर टर्बो जळेल. पहिले तीन महिने मी ते व्रतासारखं पाळलं. आज माझ्या यादीत त्या पाच मिनिटांचा नंबर बराच खाली आहे. सगळ्यात वर आहेत एक्झॉस्टचे पाइप आणि ते धरणारे क्लॅम्प (धातूचे पट्टे), त्याखालोखाल चढताना तापणारी सिलिंडर.

टर्बो हवा कशासाठी, तर उंचीसाठी. समुद्रसपाटीला हवेचा दाब साधारण ३० इंच पारा असतो आणि १८,००० फुटांवर त्याचा निम्मा उरतो. साधं इंजिन तिथे धापा टाकतं. टर्बो एक्झॉस्टच्या वायूवर फिरतो आणि आत जाणारी हवा दाबून तो तोटा भरून काढतो. १९१८ मध्ये अमेरिकन इंजिनिअर सॅनफर्ड मॉस यांनी लिबर्टी या विमानाच्या इंजिनाला टर्बो जोडून ते अमेरिकेतल्या पाइक्स पीक डोंगराच्या १४,००० फुटांवरच्या माथ्यावर चालवून दाखवलं, तेव्हापासून तत्त्व तेच आहे. आमचं इंजिन १६,००० फुटांवरही क्रूझची पूर्ण ताकद देतं, आणि खाली ढगांचा थर मागे पडताना दिसतो तेव्हा केलेले सगळे कष्ट वसूल होतात.

त्याची किंमत म्हणजे उष्णता. आमच्या टर्बाइनमध्ये शिरणाऱ्या वायूची मर्यादा १६५० अंश फॅरनहाइट आहे. त्या झोतात फिरणारं चाक आणि दुसऱ्या टोकाला हवा दाबणारं चाक एकाच शाफ्टवर बसलेली असतात, आणि तो शाफ्ट तेलाच्या पातळ थरावर तरंगत मिनिटाला हजारो फेरे घेतो. दाबलेली हवाही तापते, म्हणजे सिलिंडरमध्ये आधीच गरम हवा जाते आणि डेटोनेशनपासूनचं (सिलिंडरमधलं मिश्रण नीट जळण्याऐवजी एकदम फुटण्यापासूनचं) अंतर कमी होतं. शिवाय वर हवा विरळ असल्याने थंड करणारा वारा कमी पडतो.

हे आम्हाला पहिल्याच महिन्यात कळलं. चढताना पाच नंबरच्या सिलिंडरचं तापमान ४२० अंश फॅरनहाइटवर जायचं. पुस्तकातली लाल रेघ ४६० ला आहे, म्हणून एक भागीदार म्हणाला, "अजून चाळीस अंश आहेत, कशाला काळजी?" मला ते पटलं नाही. लाल रेघेच्या खाली म्हणजे सुखात, असं नसतं. अ‍ॅल्युमिनियमचं हेड तापेल तशी त्याची ताकद उतरत जाते. आम्ही आपली रेघ ४०० ला ओढली. चढताना मिक्श्चर पूर्ण रिच (हवेच्या मानाने इंधन जास्त), काउल फ्लॅप, म्हणजे इंजिनाच्या आवरणाच्या झडपा, उघडे, आणि वारा जास्त मिळावा म्हणून वेग ९५ ऐवजी ११५ नॉट. नाक थोडं खाली राहतं, चढायला वेळ जास्त लागतो, तो लागू द्यावा.

तरी पाच नंबर ऐकेना. मग काउलिंग (इंजिनावरचं आवरण) उघडून बॅफलच्या, म्हणजे हवा सिलिंडरकडे वळवणाऱ्या पत्र्यांच्या, रबरी पट्ट्या पाहिल्या. एक पट्टी मागे दुमडली गेली होती. आधी कधीतरी काउलिंग बसवताना झालं असणार. सिलिंडरवरच्या पातळ धातूच्या फिन्समधून जायची हवा तिथूनच निसटत होती. पट्टी बदलली आणि तापमान तीस अंशांनी उतरलं. आता काउलिंग बसवल्यावर आम्ही पुढच्या तोंडातून टॉर्च मारून प्रत्येक पट्टी नीट उभी आहे का ते बघतो. दोन मिनिटांचं काम आहे.

थ्रॉटलच्या हातालाही नवं वळण लावावं लागलं. आमचा वेस्टगेट, म्हणजे जास्तीचा एक्झॉस्ट टर्बोला वगळून बाहेर सोडणारी झडप, आपोआप चालतो, पण त्याला चालवणारा दाब इंजिनाच्याच तेलाचा असतो. तेल थंड असेल तर ते घट्ट असतं आणि वेस्टगेटला उघडायला उशीर होतो. एका गार सकाळी मी जुन्या सवयीने थ्रॉटल सरळ पुढे नेला आणि मॅनिफोल्ड प्रेशर (सिलिंडरकडे जाणाऱ्या हवेचा दाब) मर्यादेच्या दोन इंच वर गेलं. लगेच मागे ओढलं, तरी लॉगबुकात नोंद केली आणि मेकॅनिकना कळवलं. अशा वेळी लपवणं हा सगळ्यात वाईट पर्याय. आता तेल १०० अंश फॅरनहाइटच्या वर गेल्याशिवाय रन-अप (उड्डाणाआधी जमिनीवर ताकद वाढवून घ्यायची चाचणी) करत नाही, आणि उड्डाणाच्या वेळी थ्रॉटल अर्ध्यावर नेऊन क्षणभर थांबतो, काटा स्थिरावला की उरलेला देतो. ज्यांच्या विमानात वेस्टगेट स्थिर आहे, त्यांना तर हाताशिवाय दुसरा रक्षकच नाही.

आता क्लॅम्पची गोष्ट. सहाव्या महिन्यात पन्नास तासांची तपासणी चालू होती. टर्बाइनच्या घरातून टेलपाइप, म्हणजे एक्झॉस्टचा शेवटचा पाइप, जिथे निघतो, तिथे तो एका व्ही-बँड क्लॅम्पने (व्ही आकाराच्या खाचेच्या गोल पट्ट्याने) धरलेला असतो. बाहेरून क्लॅम्प ठीक दिसत होता. आमच्या मेकॅनिकनी लहान आरसा मागून धरला तेव्हा स्पॉट वेल्डपाशी (ठिपक्यासारख्या वेल्डपाशी) केसाएवढी भेग दिसली. माझ्या पोटात गोळा आला. तो क्लॅम्प हवेत सुटला तर पाइप बाजूला होतो आणि तो सगळा जळता झोत काउलिंगच्या आत, फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधल्या आडभिंतीवर), इंधनाच्या आणि तेलाच्या नळ्यांवर जातो. असे अपघात झालेले आहेत. म्हणूनच अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक एफएएने २०२३ मध्ये अनेक तुकडे स्पॉट वेल्डने जोडलेल्या टेलपाइपच्या क्लॅम्पना ५०० तासांची आयुष्यमर्यादा घातली. आमच्या लॉगबुकात मात्र तो क्लॅम्प केव्हा बसवला याची नोंदच सापडली नाही. विमान घेताना हे मी विचारायला हवं होतं. तुम्ही घेत असाल तर इंजिनाचे तास विचारण्याआधी क्लॅम्पचे तास विचारा.

नवा क्लॅम्प स्पॉट वेल्ड नसलेला घेतला. बसवताना मी शेजारी उभा होतो. थोडं आवळायचं, मऊ हातोडीने सगळीकडून हलकेच ठोकायचं म्हणजे तो सारखा बसतो, मग नट किती आवळला आहे (टॉर्क) ते पुन्हा बघायचं. नट नवा. पहिल्या काही उड्डाणांनंतर पुन्हा तपासणी. त्याच दिवशी टेलपाइपमधून ब्लोअरने हवा सोडून सांध्यांवर साबणाचं पाणी फवारलं. सरकत्या सांध्यांवर थोडे बुडबुडे येतात, ते चालतं. वेल्डवर एकही येता कामा नये. आमच्या वेल्डवर आले नाहीत.

आता त्या पाच मिनिटांकडे येतो. तेल जळून शाफ्टच्या बेअरिंगवर कोळशासारखं चिकटतं, हे खरं आहे. तापलेला टर्बो एकदम बंद केला की तेलाचा प्रवाह थांबतो आणि आत उरलेलं तेल भाजलं जातं. पण इंजिन मॉनिटरची नोंद काढून पाहिली तेव्हा चित्र निराळं दिसलं. उतरायच्या वाटेवर ताकद कमी असल्याने टर्बाइनचं तापमान धावपट्टीला चाकं टेकेपर्यंतच खाली आलेलं असतं. टॅक्सी करून थांबेपर्यंत ते जवळपास स्थिर होतं. त्यापुढे उभं राहून वाट पाहिली तर टर्बोला फरक पडत नाही, आणि वारा मागून असेल तर सिलिंडर मात्र तापू लागतात. म्हणून आता आम्ही घड्याळ बघत नाही, काटा बघतो. तापमान स्थिर झालं की बंद. टॅक्सी फारच लहान असेल तर दोन-तीन मिनिटं जातात. तुमच्या विमानाच्या पुस्तकात ठराविक वेळ दिली असेल तर अर्थातच तीच पाळा. खरा धोका मला दुसरीकडे दिसला: जमिनीवर जास्त ताकदीचा रन-अप करून, काही बिघाड वाटला म्हणून तिथल्या तिथे इंजिन बंद करणं. तेव्हा टर्बो खरोखर तापलेला असतो.

तेल आम्ही २५ ते ३० तासांत बदलतो, फिल्टर कापून त्याच्या प्रत्येक घडीत धातूचे कण शोधतो आणि नमुना लॅबला पाठवतो. मध्यंतरी रात्रभर उभं राहिल्यावर सुरू करताना निळा धूर यायला लागला. मला वाटलं, टर्बोचं सील गेलं. निघालं भलतंच: तेलाच्या नळीतल्या चेक व्हॉल्व्हमध्ये (तेल एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपेत) कचरा अडकला होता आणि रात्रभर तेल टर्बोत झिरपत होतं. व्हॉल्व्ह साफ केला, धूर थांबला. टर्बो उतरवण्याआधी हे एकदा जरूर पाहा.

उंचीवरचा एक प्रसंग डोक्यात आधीच घोटून ठेवावा. वर असताना हवेच्या नळीचा सांधा सुटला तर इंजिनाला एकदम हवा कमी आणि इंधन जास्त मिळतं, आणि ते बंद पडू शकतं. मिक्श्चर मागे ओढत गेलं की बहुधा पुन्हा पकडतं. पण दाब एक्झॉस्ट फुटल्यामुळे गेला की नळी सुटल्यामुळे, हे कॉकपिटमध्ये बसून कळत नाही. म्हणून इंजिन चालू झालं तरी पुढे न जाता जवळच्या धावपट्टीवर उतरायचं.

हे विमान सगळ्यांनी घ्यावं असं मी म्हणणार नाही. तुमची बरीचशी उड्डाणं ८,००० फुटांच्या खाली असतील तर घेऊ नका. टर्बो इंजिनात कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते प्रमाण) बहुधा कमी ठेवलेला असतो, त्यामुळे खाली इंधन जास्त जातं, शिवाय वजन वाढतं, आणि काउलिंगखालचं काम जवळपास दुप्पट होतं. डोंगर ओलांडायचे असतील, लांब जायचं असेल आणि हात काळे करायची आवड असेल तर जरूर घ्या.

नव्या क्लॅम्पवर आता ६२ तास झालेत, आरशात तो स्वच्छ दिसतो. पुढच्या तपासणीत टर्बोचा शाफ्ट किती हलतो ते मोजायचं आहे आणि पाच नंबरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बोअरस्कोपने (सिलिंडरमध्ये घालायच्या बारीक कॅमेऱ्याने) बघायचा आहे.