डिपॉझिटची झेरॉक्स

ज्येष्ठांच्या वसाहतीत रीसेलचं घर बघत असाल तर हे जरा सावकाश वाचा. आम्हाला विकलेलं घर खरंखुरं होतं. खरेदीखत झालं, चाव्या मिळाल्या, दारावर आमच्या नावाची पाटी लागली. फसवणूक झाली ती घराला जोडून जे विकलं त्यात. आणि तीही इतकी सफाईने की आम्ही ऐकलेलं बरंचसं खरंच होतं. खोटा होता तो एक कागद.

माझ्या नवऱ्याला पार्किन्सन्स आहे. आज तो हिंडतो-फिरतो, स्वतःचं स्वतः करतो, पण हा आजार पुढे कुठे नेतो ते डॉक्टरांनी आम्हाला स्पष्ट सांगितलंय. त्यामुळे नुसत्या चार खोल्या आम्हाला नको होत्या. बटण दाबलं की माणूस धावत येईल, रोज नर्स डोकावून जाईल आणि उद्या घरी राहणं जमेनासं झालं तर त्याच आवारातल्या नर्सिंग विभागात खोली मिळेल, असं ठिकाण हवं होतं. नव्या प्रकल्पात हे सगळं माहितीपत्रकात असतं. रीसेलमध्ये चालू वसाहत समोर दिसते, राहणाऱ्यांना विचारता येतं, लिफ्टचा खडखडाट ऐकू येतो. म्हणून रीसेलच घ्यायचं ठरवलं. तो विचार मला आजही पटतो.

घर एका आजींचं होतं. त्या वारल्या होत्या आणि मुलगा ते विकत होता. एजंट गोडबोल्या. "काकू, घर कुठेही मिळेल हो, इथे तुम्ही निर्धास्तपणा घेताय," हे त्याचं ठरलेलं वाक्य. मुलगा मात्र कमी बोलणारा, आईची आठवण निघाली की गप्प होणारा. अशा माणसापुढे पैशाचे खोचक प्रश्न विचारायला जीभ रेटत नाही, आणि ते त्याला चांगलं ठाऊक असावं असं मला आता वाटतं.

त्यांनी मांडलेला हिशोब असा. आजींनी वसाहतीत येताना सेवेसाठी मोठं डिपॉझिट भरलं होतं. नर्सची फेरी, आपत्कालीन बटण आणि नर्सिंग विभागातल्या खोलीसाठी प्रतीक्षायादीत वरचा नंबर, हे सगळं त्या डिपॉझिटवर. "आईचं डिपॉझिट तुमच्या नावावर होईल, तेवढी रक्कम आम्हाला द्या. नव्याने भरायला गेलात तर आजच्या दराने कितीतरी जास्त पडेल." ऐकायला यात वावगं काहीच नाही. घराबरोबर डिपॉझिटं नव्या मालकाकडे जातात आणि जुन्या मालकाला त्याचे पैसे मिळतात, हे सगळीकडे चालतं. फक्त ही रक्कम खरेदीखतात घालू नका, वेगळ्या कागदावर लिहू, असा त्यांचा आग्रह होता. कारण काय, तर उगाच त्यावरही मुद्रांक शुल्क कशाला भरायचं!

मी वसाहतीच्या ऑफिसात गेले. टेबलावरच्या माणसाला विचारलं, या घराचं सेवेचं डिपॉझिट भरलेलं आहे का? तो म्हणाला, हो, आजींनी भरलं होतं. ते आमच्या नावावर होईल का? तर म्हणाला, सेवेसाठीचा अर्ज मालकी बदलल्यावरच घेतो. दोन्ही उत्तरं शंभर टक्के खरी. मुलाने डिपॉझिटच्या पावतीची झेरॉक्स दिली होती, त्यावर आजींचं नाव, रक्कम, वसाहतीचा शिक्का, सगळं जागच्या जागी. मूळ पावती लॉकरमध्ये आहे, व्यवहार झाला की देतो, असं सांगितलं गेलं.

खरेदीखत झाल्यावर अर्ज घेऊन गेले तेव्हा व्यवस्थापिकेने आजींची फाइल काढली. मूळ पावती त्या फाइलमध्येच होती. तिच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात आडवा निळा शिक्का होता, 'परतावा अदा', आणि त्याखाली मुलाची सही. आजी गेल्यावर थोड्याच दिवसांत त्याने वारस म्हणून ते डिपॉझिट काढून घेतलं होतं. मी पर्समधली झेरॉक्स काढून शेजारी ठेवली. मूळ पावतीला चारही बाजूंनी बारीक दुहेरी चौकट होती. झेरॉक्समध्ये ती चौकट खाली येता येता उजव्या कोपऱ्यात मध्येच तुटत होती आणि तिथे बोटभर लांबीचा कोरा पांढरा चौकोन होता. कागदाचा तुकडा ठेवून शिक्का झाकला आणि मग झेरॉक्स काढली, एवढंच. व्यवस्थापिकेने ती झेरॉक्स उजेडात धरली आणि म्हणाली, "तुम्ही आधी माझ्याकडे का नाही आलात?" आले होते की. दोन टेबलं अलीकडे.

म्हणजे एकच डिपॉझिट त्याने दोनदा वसूल केलं, एकदा वसाहतीकडून आणि एकदा आमच्याकडून. पण हे फक्त पैशाचं झालं. खरं नुकसान सेवाकरारात लपलेलं होतं. अशा बहुतेक ठिकाणी घराची मालकी आणि सेवा हे दोन वेगळे करार असतात. घर विकता येतं, वारसाने मिळतं. सेवाकरार माणसाच्या नावाने असतो आणि त्या माणसाबरोबर संपतो. नव्या मालकाला नवा करार करावा लागतो, त्या दिवसाच्या दराने, आणि त्याआधी वैद्यकीय तपासणी असते. त्या तपासणीत नवऱ्याचा पार्किन्सन्स अर्थातच नोंदला गेला. त्यामुळे आम्ही 'जादा सहाय्य' वर्गात गेलो, महिन्याची फी वाढली. नर्सिंग विभागाच्या प्रतीक्षायादीत करार ज्या तारखेला झाला त्या क्रमाने नाव लागतं. आजींच्या वरच्या नंबराचं स्वप्न आम्ही पैसे मोजून घेतलं होतं, आणि नाव लागलं यादीच्या तळाशी.

तरी वसाहतीने करार नाकारला नाही, हे नशीब म्हणायचं. काही ठिकाणी तपासणीनंतर सरळ नकार देतात. घर तुमचं, सेवा नाही. ज्यांच्या घरात आधीच आजार आहे त्यांनी टोकन देण्याआधी ही तपासणी करून निकाल लेखी घ्यावा. आधी तपासणी करत नाही असं ऑफिस म्हणालं, तर खरेदीच्या करारातच अट घालून घ्या की सेवाकरार मंजूर झाला नाही तर व्यवहार रद्द आणि टोकन परत. विक्रेता प्रामाणिक असेल तर त्याला यात अडचण नसते.

दुसरा तडाखा लिफ्टचा. विक्रेत्याने थकबाकी नसल्याचा दाखला दिला होता, ऑफिसच्या लेटरहेडवर, सहीशिक्क्यासकट. तो अस्सल होता. आम्ही राहायला आल्यावर लगेचच प्रत्येक घराला जादा वर्गणीची नोटीस आली, दोन्ही लिफ्ट बदलण्यासाठी. ठराव आमच्या खरेदीच्या बऱ्याच आधी सर्वसाधारण सभेत मंजूर झाला होता, फक्त बिलं पुढच्या तिमाहीत निघायची होती. दाखला दिला त्या दिवशी बिलच नव्हतं, मग थकबाकी कुठून असणार? मुलगा त्या सभेला हजर होता, इतिवृत्तात त्याचं नाव आहे. त्याची विकायची घाई कशासाठी होती ते तेव्हा कळलं. वर्गणी घरावर लागते, ज्याच्या नावावर घर त्याने भरायची.

तेव्हा थकबाकीच्या दाखल्यावर थांबू नका. मागच्या दोन-तीन वर्षांच्या सभांची इतिवृत्तं मागा, सिंकिंग फंडात, म्हणजे मोठ्या दुरुस्त्यांसाठी साठवलेल्या निधीत, शिल्लक किती ते विचारा, आणि छप्पर, लिफ्ट, जनरेटर, पाण्याच्या टाक्या शेवटच्या कधी दुरुस्त झाल्या तेही. फंड रिकामा आणि इमारत जुनी असेल तर पुढची वर्गणी तुमच्याच डोक्यावर आहे असं समजा. महिन्याचा मेंटेनन्स शेजारच्या वसाहतीपेक्षा कमी आहे म्हणून मी खूश झाले होते. तो कमी होता कारण फंडात कोणी काही टाकतच नव्हतं.

आता घराच्या आतलं. न्हाणीघरात कमोडशेजारी आणि शॉवरखाली स्टीलचे चकचकीत आधारदांडे होते. एजंटने ते आवर्जून दाखवले, "काकांसाठी अगदी तयार आहे." राहायला आल्यावर काही दिवसांतच नवऱ्याने उठताना दांड्यावर भार दिला आणि दांडा एका बाजूने हातात आला. मी मागेच उभी होते म्हणून निभावलं. भोकात बघितलं तर प्लास्टिकचा छोटा गुल्ला आणि नखाएवढा स्क्रू. तो टाइल आणि प्लास्टरपर्यंतच गेला होता, मागच्या पक्क्या भिंतीला त्याने स्पर्शसुद्धा केला नव्हता. दांडे विकण्यासाठी बसवले होते, धरण्यासाठी नाही. घर बघायला जाल तेव्हा दांडा धरून जोर लावून ओढा, लाजू नका. हललाच तर तो तसाही काढायचाच होता.

मोजपट्टीही न्या. व्हीलचेअर साधारण ६५ ते ७० सेंटीमीटर रुंद असते, तेव्हा दार उघडल्यावर मोकळी जागा ८० तरी हवी, ९० असेल तर उत्तम. खुर्ची जागच्या जागी वळवायला १५० सेंटीमीटरचं वर्तुळ लागतं, आणि न्हाणीघरात नेमकं तेच नसतं. रॅम्पचा उतार १:१२ पेक्षा तीव्र नको, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं राहतं का ते बघा. आमच्या जुन्या लिफ्टमध्ये राहत नव्हतं, त्यामुळे वर्गणी भरताना चरफडले तरी नव्या लिफ्टबद्दल माझी तक्रार नाही.

बटणाची गोष्ट सांगायचीच राहिली. घर बघायला गेलो तेव्हा एजंटने पलंगाशेजारचं लाल बटण दाबलं, दिवा लागला, आणि मिनिटभरात एक मदतनीस दारात. आम्ही भारावलो. नंतर कळलं की आजींचा करार संपल्यावर त्या घराचं बटण नियंत्रणकक्षापासून तोडलेलं होतं. दिवा लागत होता तो घरातल्या विजेवर. मदतनिसाला एजंटने येतानाच जिन्यात उभं करून ठेवलं होतं, हे त्या बिचाऱ्यानेच मला सांगितलं. बटण खरं आहे का ते बघायचं तर एजंटला न सांगता, शक्यतो रात्री, आणि तिथे राहणाऱ्या कोणाच्या तरी घरात परवानगी घेऊन बघावं.

या भानगडीनंतर मी बाहेर पडण्याच्या अटी वाचायला घेतल्या, कारण उद्या हे घर आम्ही किंवा आमची मुलं विकणारच. वसाहतीची ट्रान्सफर फी आहे, वयाची अट असल्यामुळे गिऱ्हाईक कमी आहे, आणि घर विकलं जाईपर्यंत मेंटेनन्स चालूच राहतो, मालक हयात असो वा नसो. हे दुखणं जगभर आहे. ऑस्ट्रेलियात निवृत्तांच्या कित्येक वसाहतींत तुम्ही जितकी वर्षं राहाल त्या प्रमाणात निघताना रक्कम कापतात, तिला डिफर्ड मॅनेजमेंट फी म्हणतात. इंग्लंड आणि वेल्सच्या लॉ कमिशनने २०१७ मध्ये अशाच फीवर अहवाल दिला आणि ती खरेदीदाराला आधीच स्पष्ट सांगितली पाहिजे असं सुचवलं. न्यूझीलंडमध्ये बऱ्याचदा राहण्याचा हक्कच मिळतो, मालकी नाही. अमेरिकेत ५५ वर्षांवरच्यांसाठीची वसाहत म्हणून कायद्याची सवलत हवी असेल तर किमान ८० टक्के राहत्या घरांत निदान एक जण ५५ वा त्याहून मोठा असावा लागतो. म्हणजे घर मुलाला वारसाने मिळेल, पण त्यात त्याला राहता येईलच असं नाही. तुमच्याकडचे नियम काहीही असोत, आपण घेतोय ती मालकी, भाडेपट्टा की नुसता राहण्याचा हक्क, हे पहिल्या भेटीतच विचारा.

आमच्या पैशांचं काय झालं? वकिलाने नोटीस पाठवली. तो वेगळा कागद, ज्यावर मुद्रांक शुल्क वाचवायचं होतं, तोच कामी आला, कारण त्यावर 'हस्तांतरणीय सेवा-डिपॉझिटपोटी' असं मुलाने स्वतःच्या अक्षरात लिहून सही केली होती. झेरॉक्स आणि मूळ पावतीची प्रत शेजारी शेजारी लावून नोटिशीला जोडली, फौजदारी तक्रारीचा उल्लेख केला, तेव्हा तो तडजोडीला आला. रक्कम हप्त्याहप्त्याने देतोय. शेवटचा हप्ता बाकी आहे. एजंटने हात वर केले, "मला काय माहीत, मालकाने सांगितलं तेच मी सांगितलं." लिफ्टची वर्गणी आम्हीच भरली, वकिलाच्या मते त्यात लढण्यासारखं काही नव्हतं. प्रतीक्षायादीतला नंबर तर कुठलंच कोर्ट देऊ शकत नाही.

व्यवस्थापिकेने आमच्या प्रकरणानंतर एक छापील नमुना केला आहे. त्यात त्या घराचा सेवाकरार चालू आहे की संपला, डिपॉझिट जमा आहे की परत दिलं, मंजूर झालेल्या पण बिल न काढलेल्या वर्गण्या कोणत्या, आणि नव्या मालकाला काय काय नव्याने करावं लागेल, एवढं सगळं एका पानावर येतं. खरेदीदाराने लेखी अर्ज केला तर दोन दिवसांत मिळतो. एजंट तो नमुना दाखवत नाहीत आणि ऑफिसही आपणहून देत नाही.