बेसबॉलचे स्कोअरबुक: मरिनर्सच्या एका हंगामाच्या वापरानंतर

सिॲटल मरिनर्स या संघाचे २०२५ च्या हंगामातले बहुतेक सामने मी रेडिओवर ऐकत, काही दूरचित्रवाणीवर पाहत आणि मोजके प्रत्यक्ष त्यांच्या टी-मोबाइल पार्क या मैदानात बसून एका छापील स्कोअरबुकात हाताने लिहून काढले. मार्चअखेरीस उघडलेले हे पुस्तक ऑक्टोबरपर्यंत सतत वापरात होते. त्यामुळे त्याच्या कागदाविषयी, आखणीविषयी आणि एकंदर उपयोगाविषयी आता खात्रीने लिहिता येईल. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या अनेक मराठी मंडळींना बेसबॉल संथ वाटतो, दोन फटक्यांच्या मधल्या काळात मैदानावर नेमके काय चालले आहे ते उमगत नाही, आणि क्रिकेटची जाण असूनही हा खेळ परका राहतो. हा अनुभव मुख्यतः त्यांच्यासाठी लिहीत आहे. सामना चालू असताना तो समजून घेण्याचे याहून चांगले साधन मला आजवर मिळालेले नाही.

आधी पानाची रचना सांगतो. डाव्या बाजूला नऊ बॅटरांची नावे फलंदाजीच्या क्रमाने येतात आणि वर इनिंगचे, म्हणजे दोन्ही संघांच्या एकेका पाळीचे, रकाने असतात. नाव आणि इनिंग जिथे मिळतात त्या चौकटीत, त्या बॅटरचे त्या इनिंगमध्ये काय झाले ते लिहायचे. चौकटीत कोनावर उभा असलेला एक छोटा चौकोन छापलेला असतो, तो म्हणजे मैदानावरचे चार बेस. बॅटर जितके बेस पुढे सरकेल तितक्या बाजू गडद करायच्या आणि तो फेरी पूर्ण करून घरी परतला, म्हणजे धाव झाली, की चौकोन आतून भरून टाकायचा. क्षेत्ररक्षकांना जागेनुसार ठरलेले अंक आहेत: चेंडू टाकणारा पिचर १, बॅटरमागे बसून तो झेलणारा कॅचर २, पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवरचे अनुक्रमे ३, ४, ५, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला शॉर्टस्टॉप ६, आणि आउटफिल्डमधले तिघे डावीकडून उजवीकडे ७, ८, ९. शॉर्टस्टॉपने सरपटत आलेला चेंडू उचलून पहिल्या बेसवर फेकला आणि बॅटर बाद झाला, तर चौकटीत ६-३ लिहिले की झाले. एकाच चेंडूवर दोन बाद करणारा नेहमीचा डबल प्ले ६-४-३ असा उतरतो. स्ट्राइकआउटसाठी, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद झाल्यास, रोमन के, आणि बॅटर बॅट न फिरवता तिसरा स्ट्राइक नुसता पाहत राहिला तर तोच के उलटा काढायचा. एवढी सामग्री दोन सामन्यांत हाताला बसते.

खरी गंमत पान भरू लागल्यावर सुरू होते, कारण ते दोन दिशांनी वाचता येते. आडवे वाचले तर एका खेळाडूचा पूर्ण दिवस समोर येतो, उभे वाचले तर एक इनिंग. सुरुवातीचा पिचर विरुद्ध संघाच्या क्रमातून तिसऱ्यांदा जाऊ लागला की बॅटरांना त्याचे चेंडू ओळखीचे झालेले असतात, आणि व्यवस्थापकाचे लक्ष बुलपेनकडे, म्हणजे बदली पिचरांकडे, वळते. दूरचित्रवाणीवर हा क्षण समालोचकाने सांगितला तरच कळतो. कागदावर मात्र तो आधीच दिसतो, कारण आता येणाऱ्या बॅटरच्या मागच्या दोन्ही चौकटी डोळ्यांपुढे असतात: पहिल्यांदा के, दुसऱ्यांदा आउटफिल्डमध्ये लांब गेलेला झेल, म्हणजे तिसऱ्यांदा धोका आहे. पुढचा डावखुरा बॅटर किती जागा दूर आहे तेही लगेच मोजता येते. अशा वेळी पिचर बदलला जाणार की नाही याचा अंदाज आपण स्वतः बांधू लागतो, आणि मधला तो ‘रिकामा’ काळ मुळीच रिकामा राहत नाही.

मुंबईत असताना मी कांगा लीगमध्ये आमच्या क्लबचे स्कोअरबुक लिहीत असे, त्यामुळे मला या पुस्तकात सर्वांत भावली ती ताळा जमवण्याची सोय. क्रिकेटमध्ये फलंदाजांच्या धावा आणि अवांतर यांची बेरीज एकीकडे आणि गोलंदाजांचे पृथक्करण दुसरीकडे जुळल्याशिवाय स्कोअररला समाधान वाटत नाही. बेसबॉलच्या नियमांतही तसाच ताळा सांगितलेला आहे. एखाद्या संघाचे बॅटर जितक्या वेळा फलंदाजीसाठी प्लेटवर आले ती संख्या, त्या संघाच्या धावा, बेसवर अडकून राहिलेले रनर आणि त्या संघाचे बाद या तिन्हींच्या बेरजेइतकी असलीच पाहिजे. समजा बॅटर अडतीस वेळा आले, चार धावा झाल्या आणि सात जण बेसवर राहिले, तर उरलेले सत्तावीस बादच हवेत. प्लेटवर आलेल्या प्रत्येक माणसाचा हिशोब या तीनपैकी एका जागी लागतो, चौथी जागाच नाही. हे साम्य योगायोगाने आलेले नाही. बेसबॉलचा बॉक्स स्कोअर, म्हणजे सामन्याचा आकड्यांतला गोषवारा, आणि नोंदींची पद्धत रूढ करण्यात ज्याचा मोठा वाटा मानला जातो तो हेन्री चॅडविक इंग्लंडमधल्या एक्सेटरचा होता आणि न्यूयॉर्क परिसरातल्या वृत्तपत्रांसाठी क्रिकेटचे वार्तांकन करत करत बेसबॉलकडे वळला होता. क्रिकेटचा स्कोअरर या पानापाशी परका नाही, हे मला मनापासून सांगावेसे वाटते.

लिहिण्यासाठी दूरचित्रवाणीपेक्षा रेडिओ अधिक सोयीचा ठरला. रेडिओचा समालोचक चेंडू कोणाकडे गेला, कोणी कोणाकडे फेकला, रनर कुठे थांबला हे सगळे शब्दांत सांगतो, कारण ऐकणाऱ्याला दुसरा आधार नसतो, आणि नेमके तेवढेच आपल्याला चौकटीत हवे असते. मरिनर्सच्या बाबतीत ही परंपरा जुनी आहे. १९७७ साली संघ सुरू झाला तेव्हापासून २०१० पर्यंत डेव्ह नीहाउस यांचा आवाज या शहराने ऐकला, आणि त्यांच्यामागून आलेल्यांनीही तपशिलाची ती शिस्त टिकवली आहे. जोडीला मी मोबाइलवर गेमडे ही सामन्याच्या थेट नोंदी दाखवणारी सेवा उघडी ठेवतो. प्रत्येक चेंडूचा वेग, प्रकार आणि स्ट्राइक झोनमधली जागा त्यात काही सेकंदांत दिसते, आणि एखादा फटका हिट ठरला की क्षेत्ररक्षकाची चूक, हा अधिकृत स्कोअररचा निर्णयही तिथे वाचता येतो. गेमडे मला आवडते आणि ते मी सोडणार नाही. मात्र ते सगळे आपल्यासाठी लक्षात ठेवते, त्यामुळे आपण काहीच लक्षात ठेवत नाही. चार इनिंगपूर्वी याच बॅटरला याच पिचरने कसे बाद केले हे हाताने लिहिलेले असेल तर आठवतेच, नुसते पडद्यावर पाहिलेले असेल तर क्वचित. एक सूचना मात्र करतो: इंटरनेटवरून येणारे प्रक्षेपण प्रत्यक्ष खेळाच्या मागे असते, त्यामुळे गेमडे आधी पाहिले तर फटक्याचा आनंद जातो. कानांनी ऐकावे, लिहावे, आणि मगच पडताळण्यासाठी पडद्याकडे पाहावे.

२०२३ पासून पिच क्लॉक, म्हणजे चेंडू टाकण्यासाठी वेळेची मर्यादा, आल्यामुळे लिहिणाऱ्याचा वेग वाढवावा लागतो, हेही नव्याने सुरुवात करणाऱ्याने ध्यानात ठेवावे. बेस रिकामे असताना पिचरला पंधरा सेकंद मिळतात. बेसवर रनर असताना सुरुवातीला वीस मिळत, ते २०२४ पासून अठरा झाले. २०२२ मध्ये तीन तासांच्या थोडा वर असणारा सरासरी सामना त्यामुळे दोन तास चाळीस मिनिटांच्या आसपास आला. खेळासाठी हा बदल फार चांगला झाला असे माझे मत आहे, पण प्रत्येक चेंडू बॉल (झोनबाहेरचा) की स्ट्राइक हे लिहायचे म्हटले तर मान वर करायला सवड उरत नाही. म्हणून मी मे महिन्यापासून प्रत्येक चेंडू लिहिणे थांबवले आणि केवळ शेवटची मोजणी, उदाहरणार्थ तीन बॉल आणि दोन स्ट्राइकसाठी तीन-दोन, कोपऱ्यात टिपू लागलो. सामना पाहणे आणि लिहिणे यांचा मेळ त्यानंतर बसला.

आता पुस्तकाविषयी. माझे पुस्तक स्पायरल बांधणीचे, आडव्या पानांचे आणि जाड कागदाचे आहे. स्पायरलमुळे ते मांडीवर पूर्ण उघडून राहते, आणि मैदानातल्या अरुंद खुर्चीत याचे महत्त्व फार आहे. कागद खोडरबराला उत्तम टिकतो: हिटऐवजी चूक किंवा चुकीऐवजी हिट असे निर्णय बदलल्यावर एकाच चौकटीत दोन-तीनदा खोडूनही तो फाटला नाही किंवा त्याला लव सुटली नाही. शिसे मात्र समोरच्या पानावर उमटते, त्यामुळे हंगामाच्या पहिल्या महिन्यातली पाने आज धुरकट दिसतात. थोडी कठीण शिशाची यांत्रिक पेन्सिल घेतल्यावर हा त्रास बराच कमी झाला. आखणीत दोन उणिवा आहेत आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिली म्हणजे पिचरांसाठी केवळ पाच ओळी दिल्या आहेत. आजच्या खेळात सुरुवातीचा पिचर पाचव्या-सहाव्या इनिंगनंतर क्वचितच राहतो आणि त्यानंतर एकेका इनिंगसाठी नवा माणूस येतो, त्यामुळे पाच ओळी जेमतेम पुरतात आणि सामना लांबला की अपुऱ्या पडतात. दुसरी उणीव इनिंगच्या रकान्यांची. ते बारा आहेत. नियमित हंगामात हे पुरते, कारण २०२० पासून जादा इनिंगची सुरुवात दुसऱ्या बेसवर आयता रनर ठेवून होते आणि निकाल लवकर लागतो. ऑक्टोबरच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे नियमित हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत, हा नियम नसतो.

दोन्ही उणिवा एकाच रात्री, १० ऑक्टोबरला उघड झाल्या. डेट्रॉइट टायगर्सविरुद्धच्या प्लेऑफ मालिकेचा तो पाचवा आणि निर्णायक सामना होता, आणि माझ्या पुस्तकातली ती पाने मी कायम जपून ठेवणार आहे. दुसऱ्या इनिंगमध्ये मरिनर्सच्या जॉश नेलरने डबल (दुसऱ्या बेसपर्यंत नेणारा फटका) मारून तिसरा बेस चोरला आणि मिच गार्व्हरच्या उंच फटक्यावर घरी आला. त्यानंतर मरिनर्सच्या बाजूच्या पानावर जवळजवळ केवळ केच दिसतात. टायगर्सच्या टारिक स्कूबलने सहा इनिंगमध्ये तेरा बॅटरांना स्ट्राइकआउट केले, त्यांपैकी सात एकापाठोपाठ, आणि ती साखळी लिहिताना प्रतिस्पर्ध्याविषयी वाटलेला आदर आजही ते पान पाहताना जागा होतो. दुसऱ्या बाजूला सहाव्या इनिंगमध्ये टायगर्सच्या हावियर बाएझने डबल मारताच मरिनर्सनी आपला पिचर जॉर्ज कर्बीला काढले, डावखुऱ्या केरी कारपेंटरसाठी डावखुरा गेब स्पायर आणला, आणि कारपेंटरने होम रन मारून टायगर्सला २-१ असे पुढे नेले. निर्णय पुस्तकी दृष्टीने योग्य होता, फटका त्याहून चांगला होता. सातव्या इनिंगमध्ये बदली म्हणून आलेल्या लिओ रिवासने, आपल्या वाढदिवशी, सिंगल (पहिल्या बेसपर्यंत नेणारा फटका) मारून बरोबरी साधली.

आठव्या इनिंगपासून पुढे दोन्ही पानांवर अर्धवट राहिलेले चौकोन आहेत: रनर पहिल्या बेसवर, दुसऱ्या बेसवर, आणि इनिंग संपलेली. बारावी झाली, रकाने संपले. मी पान उलटून पुढच्या कोऱ्या पानावर पहिल्या रकान्याला तेरा असा अंक दिला आणि नावे पुन्हा उतरवली. मरिनर्सचे सात पिचर झाले होते, त्यांत लोगन गिल्बर्ट आणि लुइस कास्तियो हे दोघे एरवी सामना सुरू करणारे. पाच ओळींत न मावलेली नावे समासात गेली. पंधराव्या इनिंगची हकिकत पानाच्या तळापासून सुरू होऊन वर जाते, कारण पहिला आला तो नवव्या क्रमांकाचा जे. पी. क्रॉफर्ड. त्याने सिंगल मारला. रँडी अरोसारेनाला चेंडू लागून बेस मिळाला. कॅल रॅलीचा उंच झेल मध्य आउटफिल्डमध्ये, ८, आणि त्यावर क्रॉफर्ड तिसऱ्या बेसवर. हुलिओ रॉड्रिगेसला मुद्दाम वॉक (न खेळवता पहिला बेस) देऊन तिन्ही बेस भरले. मग होर्हे पोलान्कोचा उजवीकडे सिंगल, क्रॉफर्डचा चौकोन भरला, ३-२. सामना पाच तासांना दोन-तीन मिनिटे कमी इतका चालला होता. रात्री उशिरा ताळा करताना मरिनर्सचे बाद पंचेचाळीस न धरता त्रेचाळीस धरावे लागतात, कारण शेवटच्या इनिंगमध्ये एकच बाद झाला आणि सामना तिथेच संपला. बेरीज बरोबर आली तेव्हा मला विलक्षण आनंद झाला.

त्याच पुस्तकात २४ सप्टेंबरचे पानही आहे. कोलोराडो रॉकीजविरुद्ध मरिनर्सचा कॅचर रॅली याने पहिल्या इनिंगमध्ये हंगामातला ५९ वा आणि आठव्या इनिंगमध्ये ६० वा होम रन मारला, आणि त्याच रात्री मरिनर्सनी २००१ नंतर प्रथमच आपल्या विभागाचे विजेतेपद मिळवले. कॅचरने एका हंगामात इतके होम रन मारल्याचे दुसरे उदाहरण नाही. पुढे प्लेऑफच्या पुढच्या मालिकेत टोरांटोविरुद्धच्या सातव्या सामन्यात जॉर्ज स्प्रिंगरच्या तीन धावांच्या होम रनने मरिनर्स ४-३ असे हरले आणि वर्ल्ड सीरिज या अंतिम मालिकेपर्यंत एकदाही न पोहोचलेला मेजर लीगमधला एकमेव संघ ही ओळख कायम राहिली. तेही पान मी शेवटच्या स्ट्राइकआउटपर्यंत पूर्ण लिहिले आहे.

पुस्तक कोणी घ्यावे? सामना पाहता पाहता मित्रमंडळींशी गप्पा मारायच्या असतील, किंवा लहान मुलांना सांभाळायचे असेल, तर हे साधन उपयोगाचे नाही, कारण त्याला सलग लक्ष लागते. दहा-बारा वर्षांच्या मुलाला शेजारी बसवून त्याला एका संघाचे पान आणि आपण दुसऱ्या संघाचे, अशी वाटणी मात्र फार छान जमते. विकत घेताना मुखपृष्ठाकडे न पाहता आतले एक पान जरूर पाहावे: प्रत्येक बॅटरखाली बदली खेळाडूसाठी किमान दोन जादा ओळी, पिचरांसाठी किमान आठ ओळी, आणि समासात लिहिण्याइतकी मोकळी जागा असली पाहिजे. चौकटीत बॉल-स्ट्राइकचे बारीक खण छापलेले असतील तर मूळ चौकट तेवढी लहान होते, म्हणून ज्यांचे अक्षर मोठे आहे त्यांनी कोऱ्या चौकटींचे पुस्तक घ्यावे. नव्या हंगामासाठी मी त्याच बांधणीचे, पण पिचरांसाठी दहा ओळी असलेले पुस्तक मागवले आहे.