एमडी-पीएचडीचा अर्ज: शिकत असतानाच, की दोन वर्षे प्रयोगशाळेत नोकरी करून?

अमेरिकेतल्या एमडी-पीएचडी (डॉक्टरकी आणि संशोधन अशा दोन्ही पदव्या एकत्र देणाऱ्या) अभ्यासक्रमांना अर्ज करू पाहणाऱ्या आणि घरात कॉलेजची पायरी पहिल्यांदाच चढलेल्या मुलामुलींपुढे एक प्रश्न हमखास येतो: चार वर्षांच्या कॉलेजचे तिसरे वर्ष संपताच अर्ज भरावा, की पदवीनंतर एक-दोन वर्षे प्रयोगशाळेत पगारी काम करून मग भरावा? मी दुसरा मार्ग घेतला. माझे आई-वडील दहावीपर्यंत शिकलेले. न्यू जर्सीत आल्यावर वडील गोदामात आणि आई किराणा दुकानात कामाला लागली, आणि माझे कॉलेज शिष्यवृत्ती, सरकारी कर्ज व संध्याकाळची नोकरी यांवर निभावले. साधारण अशीच परिस्थिती असणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहीत आहे.

थेट अर्ज करण्याच्या बाजूने सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे वय. हा अभ्यासक्रम साधारण आठ वर्षे चालतो, त्यापुढे रेसिडेन्सी (रुग्णालयातले प्रशिक्षण) असते, आणि घरचे लोक तुमच्या कमाईची वाट पाहत असतील तर दोन वर्षे ही लहान गोष्ट राहत नाही. शिवाय कॉलेजात असताना प्राध्यापकांना तुमचे नाव आठवत असते, एमकॅटचे (वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचे) विषय ताजे असतात आणि शैक्षणिक कर्जाचे हप्ते सुरू झालेले नसतात. पदवीनंतर सहा महिन्यांनी सरकारी कर्जाची फेड सुरू होते. पगार कमी असल्यास हप्ता उत्पन्नाशी जोडून घेता येतो, तरी दर महिन्याला तो जातोच.

अभ्यासक्रमाचा खर्च मात्र या तुलनेत फारसा येत नाही. एनआयएच या अमेरिकी सरकारच्या आरोग्य-संशोधन संस्थेने १९६४ साली एमडी-पीएचडीसाठी सुरू केलेल्या एमएसटीपी योजनेत शिक्षणशुल्क माफ होते आणि निर्वाहभत्ता मिळतो, मग तुम्ही बाविसाव्या वर्षी जा किंवा चोविसाव्या. अर्जाच्या खर्चासाठी एएएमसी या वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेची शुल्कसवलत योजना आहे. तिच्यात वीस वैद्यकीय महाविद्यालयांपर्यंतच्या अर्जांचे शुल्क माफ होते आणि एमकॅटही कमी पैशांत देता येते. ही सवलत मागील तारखेने लागू होत नाही, म्हणून एमकॅटची नोंदणी करण्याआधीच ती मागावी. मी स्वतः कमावत असूनही आई-वडिलांच्या करपत्रकांच्या प्रती जोडाव्या लागल्या, आणि माझा पगार सवलतीच्या मर्यादेत बसला.

माझ्यापुरता निर्णय झाला तो एका निबंधामुळे. अ‍ॅमकासच्या, म्हणजे वैद्यकीय प्रवेशाच्या सामाईक पद्धतीच्या, अर्जात एमडी-पीएचडीसाठी दोन जादा निबंध असतात. पहिला तीन हजार अक्षरांचा, दोन्ही पदव्या कशासाठी हे सांगणारा; दुसरा दहा हजार अक्षरांचा, आपल्या संशोधनाविषयी. या दुसऱ्या निबंधात प्रश्न कोणता होता, हीच पद्धत का निवडली, निकाल आला नाही तेव्हा काय केले, हे सगळे सांगावे लागते, आणि ते सांगायचे तर एखादा प्रयोग सुरुवातीपासून शेवटपर्यंत आपल्या हातून गेलेला असावा लागतो.

कॉलेजात असताना माझ्या बाबतीत नेमके तेच होत नव्हते. वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे नमुन्यातले ठरावीक प्रथिन शोधायची चाचणी, हे दोन दिवसांचे काम आहे: पहिल्या दिवशी जेल चालवून प्रथिने वेगळी करायची, ती मेम्ब्रेनवर (पातळ पडद्यावर) उतरवायची आणि ते मेम्ब्रेन रात्रभर त्या प्रथिनाला चिकटणाऱ्या अँटिबॉडीत ठेवायचे, दुसऱ्या दिवशी धुऊन, दुसरी अँटिबॉडी लावून प्रथिनाचे पट्टे पाहायचे. माझी दुकानातली पाळी पाचला सुरू होई. जेल मी भरायचो, पुढचे काम एखादी पीएचडीची विद्यार्थिनी आपुलकीने करायची, आणि पट्टे मला आठवड्याच्या बैठकीत पडद्यावर दिसायचे. यात कोणाचाच दोष नव्हता, सगळे मला सांभाळूनच घेत होते; पण निबंधाचा कच्चा मसुदा लिहायला बसलो की प्रत्येक परिच्छेदाचा शेवट दुसऱ्या कोणाच्या तरी कामाचा निघायचा. ज्यांना उन्हाळाभर पगाराविना प्रयोगशाळेत थांबता येते, त्यांना ही अडचण बहुधा जाणवतही नसेल.

पदवीनंतर पूर्णवेळ सहायक म्हणून लागल्यावर तोच ब्लॉट माझ्याकडे आला. पट्ट्यांमागची पार्श्वभूमी इतकी काळी यायची की काही वाचता येत नसे. आम्ही फॉस्फेट जोडलेले प्रथिन शोधत होतो आणि ब्लॉकिंगसाठी, म्हणजे अँटिबॉडी मेम्ब्रेनवर भलतीकडे चिकटू नये म्हणून, दूध वापरत होतो. दुधातले केसीन हे प्रथिन स्वतःच फॉस्फेट जोडलेले असल्यामुळे अँटिबॉडी त्यालाही चिकटत असावी, असे वाटून मी दुधाऐवजी बीएसए (गाईच्या रक्तातले एक प्रथिन) वापरून पाहिले आणि पट्टे स्वच्छ आले. हा शोध नव्हे, ही गोष्ट क्षेत्रातल्या सगळ्यांना ठाऊक असते. पण तो निर्णय माझा होता, तो निबंधात आला, आणि मुलाखतीत त्याच्यावर बराच वेळ बोलणे झाले.

घरच्या हलाखीबद्दल मात्र संशोधनाच्या निबंधात लिहू नये, असे माझे मत आहे. त्यासाठी अर्जात १,३२५ अक्षरांची वेगळी जागा आहे आणि आई-वडिलांचे शिक्षण व व्यवसायही स्वतंत्रपणे विचारले जातात.

सर्वांनीच थांबावे असे मी म्हणणार नाही. अ‍ॅमजेन स्कॉलर्ससारखा पगारी उन्हाळी संशोधन कार्यक्रम ज्यांना मिळाला, किंवा एकाच प्रयोगशाळेत दोन-तीन वर्षे सलग राहता आले, त्यांच्याकडे त्या दहा हजार अक्षरांचा ऐवज आधीच आहे. त्यांनी वर्षे कशाला घालवावीत? एच-४ वर, म्हणजे आई-वडिलांच्या कामाच्या व्हिसाशी जोडलेल्या व्हिसावर, वाढलेल्या मुलांचे गणित तर पूर्णच निराळे, कारण एमएसटीपीचा एनआयएचकडून येणारा पैसा नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांपुरता आहे, आणि पदवीनंतरची नोकरीही व्हिसावर अवलंबून राहते. पण दुकानाची पाळी सांभाळत शिकणाऱ्या मुलाने किंवा मुलीने मला विचारले, तर मी दोन वर्षे थांबायलाच सांगेन.

थांबायचे ठरले तर नोकरी पारखून घ्यावी. जुने गुण किती वर्षे चालतात हे महाविद्यालयागणिक पाहून एमकॅटची तारीख ठरवावी, म्हणजे परीक्षा पुन्हा द्यावी लागणार नाही. नोकरीच्या मुलाखतीच्या वेळी प्रयोगशाळाप्रमुखांना सरळ विचारावे की मला स्वतःचा प्रकल्प कधी मिळेल आणि आधीचे सहायक येथून पुढे कुठे गेले. माझ्या प्रमुखांनी दोन्ही प्रश्नांची उत्तरे तिथल्या तिथे, नावानिशी दिली होती. उत्तर गुळमुळीत आले तर पगार थोडा जास्त असला तरी ती जागा सोडून द्यावी, असे मला वाटते.