फोनचा आवाज की बाईंचा आवाज? वाचताना अडखळणाऱ्या मुलांसाठी काय निवडावं

चौथीचा वर्ग, हाताशी एक अँड्रॉइड फोन. दोघं-तिघं अक्षरं जुळवताना अडखळतात, एकाच्या घरी कोरकू बोलतात, एकीला पुस्तकातली बारीक अक्षरं दिसत नाहीत. धडा ऐकवायचे दोन बिनखर्चाचे मार्ग आहेत: फोनमधलं ‘सिलेक्ट टू स्पीक’, म्हणजे निवडलेला मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी सोय, नाहीतर शिक्षकांनी स्वतः वाचून केलेलं रेकॉर्डिंग. कोणत्या मुलाला काय द्यायचं, हे ठरवावं लागतं.

अडखळणाऱ्या मुलाला आधी सिलेक्ट टू स्पीक द्या. जो शब्द उच्चारला जातो तोच त्या क्षणी पडद्यावर रंगतो, त्यामुळे कान आणि डोळा एकाच शब्दावर येतात. रेकॉर्डिंग ऐकताना मूल बोट फिरवतं खरं, पण बघता बघता ते ओळभर मागे पडतं.

सेटिंग्जमधल्या ॲक्सेसिबिलिटीत ही सोय सुरू करा. तिथे दिसली नाही तर प्ले स्टोअरवरून ‘अँड्रॉइड ॲक्सेसिबिलिटी सूट’ घ्या. मग टेक्स्ट-टू-स्पीचच्या सेटिंगमध्ये जाऊन मराठी आवाज उतरवा. हे वायफाय असताना आदल्या दिवशीच करावं. आवाज हिंदीवर राहिला तर अख्खा धडा हिंदी ढंगात ऐकू येतो. वेगही थोडा कमी करा.

घोळ होतो तो बहुतेक वेळा पीडीएफमध्ये. त्यातली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून पाहा. चिन्हांचा गोंधळ उमटला तर फाइल बहुधा जुन्या फॉन्टमधली आहे, युनिकोडमधली (सगळ्या फोनना कळणाऱ्या अक्षरांची) नाही. ओळ निवडताच येत नसेल तर तो मजकूर नसून पानाचा फोटो आहे. अशा वेळी गूगल लेन्सने मजकूर काढून घ्या आणि रफार, जोडाक्षरं, ‘ऱ्य’ डोळ्यांखालून घाला. गणिताच्या पुस्तकासाठी मात्र हा मार्ग नको. एकाखाली एक लिहिलेले अपूर्णांक आणि तक्त्यातले रकाने वाचताना फोन क्रम चुकवतो, आणि ज्या मुलाला आधीच गणित जड जातं त्याचा आणखी गोंधळ उडतो.

कोरकू बोलणाऱ्या मुलासाठी रेकॉर्डिंगच हवं. ‘चार’मधला च आणि ‘चाक’मधला च लिहायला एकच, उच्चाराला वेगळे. फोनने यांची अदलाबदल केली तर मराठी घरातलं मूल ती चूक मनातल्या मनात दुरुस्त करतं. ज्याच्या कानावर मराठी शाळेतच पडते ते चूकच शिकतं. शिवाय कोरकू मुंडा कुळातली भाषा. हिंदी-मराठीसारखा शब्दांचा शेजार तिथे मिळत नाही, म्हणून अर्थ सांगावाच लागतो. मराठी वाक्य, थोडं थांबणं, मग अवघड शब्दाचा कोरकू अर्थ, असं रेकॉर्ड करा. अर्थ गावातल्या एखाद्या आजीच्या किंवा ताईच्या आवाजात असेल तर फारच उत्तम.

एका फाइलमध्ये एकच परिच्छेद घ्या, म्हणजे मुलाला हवं तिथे परत जाता येतं. सुरुवातीला पान क्रमांक सांगा. पंखा बंद, फोन तोंडापासून वीतभर लांब. ६४ केबीपीएसच्या एमपी३ला मिनिटाला साधारण अर्धा एमबी लागतो, त्यामुळे पाच मिनिटांची फाइल साध्या फोनवरही सहज जाते. ‘इ४-मराठी-धडा३-परि२’ अशी नावं दिली नाहीत तर महिन्याभरात काहीच सापडत नाही. यात वेळ जातो, म्हणून सगळी पाठ्यपुस्तकं रेकॉर्ड करायला बसू नका. अडलेले धडे तेवढे घ्या.

कमी दिसणाऱ्या मुलीला आधी आवाज नको, मोठी अक्षरं द्या. फॉन्ट वाढवून, काळ्यावर पांढरी अक्षरं करून पाहा. तेवढ्याने ती स्वतः वाचू लागली तर ऐकणं फक्त लांबलचक मजकुरासाठी ठेवा. अजिबात न दिसणाऱ्या मुलासाठी टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं सगळं बोलून दाखवणारी अँड्रॉइडची सोय, लागतं. ते सुरू झालं की एका टॅपने बटण फक्त वाचून दाखवलं जातं, दाबायला दोनदा टॅप करावं लागतं आणि पान दोन बोटांनी सरकवावं लागतं. हे माहीत नसलं की फोन अडकला असं वाटतं. आवाजाची दोन्ही बटणं तीन सेकंद दाबून टॉकबॅक बंद करता येतं, पण हा शॉर्टकट आधी सेटिंगमध्ये लावून ठेवा. आणि टॉकबॅक आलं म्हणून त्या मुलाचं ब्रेल थांबवू नका. नुसतं ऐकून ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही.